एका सायकलीची साक्ष



इतिहासाचा नाद असलेल्या माणसाकडे लोक नाना वस्तू घेऊन येतात. कोणी मोडी कागद आणतो, कोणी शिवराई आणतो, कोणी आजोबांच्या पेटीत सापडलेली कट्यार आणतो. सायकल घेऊन कोणी येईल असे मात्र आम्हांला कधी वाटले नव्हते. ती आली तीही स्वतःच्या चाकांवर नव्हे, तर हातगाडीवर आडवी पडून; कारण तिची चाके फिरत नव्हती.

22 जुलै 2021च्या आसपासचे दिवस महाडकरांना सांगायला नकोत. सावित्री आणि गांधारी यांनी मिळून बाजारपेठ गिळली, कित्येक घरांत पाणी पहिल्या मजल्याला टेकले आणि त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर कोसळला. पाणी ओसरल्यावर घराघरांतून चिखल उपसला गेला आणि त्या चिखलाबरोबर, ज्यांची आठवणही कोणाला उरली नव्हती अशा वस्तू बाहेर आल्या. आमच्या परिचयाच्या एका घराच्या मागल्या पडवीत लाकडांच्या ढिगाखालून ही सायकल निघाली. घरातल्या काकू पंच्याऐंशीच्या पुढच्या. त्यांनी सायकल भंगारात देऊ दिली नाही. ‘‘मामंजींची आहे ती,’’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि मग घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाणारी हकिकत नातवाने आम्हांला सांगितली. ती अशी की, 1927 साली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला त्या वेळी काकूंचे सासरे विशीतले होते. परिषदेचे निरोप घेऊन ते गावोगाव हिंडले. आणि हिंडले ते याच सायकलीवर.

हे ऐकल्यावर आमची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपण करू शकाल. नातवाचा विचार असा की, सायकल दुरुस्त करावी, झगझगीत काळा रंग व सोनेरी रेघा मारून घ्याव्यात आणि एखाद्या संग्रहालयाला द्यावी. खाली ‘सत्याग्रहातील सायकल, 1927’ अशी पाटी लावावी. आम्ही म्हटले, पाटी लिहिण्यापूर्वी सायकलीला एकदा विचारून तरी पाहू.

सायकलीला विचारायचे म्हणजे काय, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आज आपण जिला सायकल म्हणतो, म्हणजे दोन सारखी चाके, मागल्या चाकाला साखळीने गती आणि मध्ये बसणारा माणूस, ती रचना 1885 साली इंग्लंडातील कोव्हेंट्री येथे जॉन केंप स्टार्ली याने बाजारात रुजवली. तिच्या आधीची उंच चाकाची गाडी ही धाडसी तरुणांची चैन होती; पडला तर डोक्यावरच पडायचा. 1888 साली बेलफास्ट येथे जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचे टायर केले आणि हाडे खिळखिळी करणारे ते वाहन बसण्याजोगे झाले. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, त्याच 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगर, पंप आणि किर्लोस्करवाडी हे जे सारे झाले, त्याची सुरुवात या परदेशी दुचाकीच्या विक्रीतून झाली. त्या काळच्या मराठीत तिला ‘पायगाडी’ म्हणत. शब्द किती चपखल होता! तो का मागे पडला कोण जाणे. ‘सायकल’ म्हणणे अधिक ऐटीचे वाटले असावे.

इंग्लंडात सायकलींचे कारखाने ज्यांनी काढले ते मूळचे दुसऱ्याच धंद्यातले. कोव्हेंट्रीत शिवणयंत्रे करणारे सायकलीकडे वळले, तर बर्मिंगहॅमचा बी.एस.ए. हा मुळात बंदुकांचा कारखाना. एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका ही त्याची खूण. नॉटिंगहॅमची रॅले ही तेथल्या रॅले स्ट्रीटवरच्या लहानशा कार्यशाळेतून वाढली. फ्रँक बोडेन नावाच्या गृहस्थांनी ती हाती घेतली आणि 1888च्या सुमारास तिला मोठ्या कंपनीचे रूप येऊ लागले. बोडेन आजारी होते व डॉक्टरांनी त्यांना सायकल चालवण्याचा सल्ला दिला होता, असे सांगतात. रॅलेच्या पायडलाजवळच्या दातेरी चक्रात बगळ्याची मान कोरलेली असते. हंबरच्या चक्रात हातात हात घातलेली माणसे, तर रजच्या चक्रात पंजा. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही दुरून सायकलीची जात कळावी, अशी ही सोय. आमच्या सायकलीवरचा चिखल खरवडला तेव्हा पहिल्यांदा दिसला तो हा बगळा. कोकणच्या खाचरात उभा राहणारा आपला बगळा आणि नॉटिंगहॅमचा बगळा यांची भेट महाडच्या चिखलात व्हावी, याची आम्हांला गंमत वाटली.

महाडातच चाळीस वर्षे सायकली उघडणारे एक मिस्त्री आहेत. त्यांच्या दुकानाच्या फळीवर आमचे पुढचे चार महिने गेले. पहिला शत्रू म्हणजे कॉटर पिन. पायडलाचा दांडा आणि मधला आस यांना जखडून ठेवणारी ही बोटभर पाचर वर्षानुवर्षे पाणी पिऊन लोखंडात लोखंड होऊन बसते. आडदांडपणाने हातोडा घातला की पिन वाकते, छर्ऱ्यांचे घर फुटते आणि सायकल कायमची जाते. मिस्त्रींनी आठ दिवस रोज रॉकेल सोडले, दांड्याखाली लोखंडी नळीचा तुकडा उभा टेकवला आणि मग एकच घाव घातला. आम्ही डोळे मिटून घेतले होते. पिन सुटली. ‘‘मार जोरात हवा, पण एकच हवा,’’ मिस्त्री म्हणाले.

आतले सारे छर्रे, दर बाजूस पाव इंची अकरा, गंजून वाटाण्यासारखे झाले होते. छर्रे कुठेही मिळतात. पण ज्या वाटीत ते फिरतात ती वाटी मिळत नाही. इतर ब्रिटिश सायकलींच्या वाटीला इंचाला 24 आटे, रॅले मात्र आपल्या तोऱ्यात 26 आटे पाडी. दुकानातली नवी वाटी एक-दोन फेरे गोड बोलून आत जाते आणि मग अडते. तिथे पान्याला जोर लावला की मूळचे आटे गेलेच. म्हणून जुनीच वाटी घासून, पॉलिश करून पुन्हा बसवली. याच्या उलट टायरांची गोष्ट. अठ्ठावीस-दीडचा टायर इंग्लंडच्या रस्त्यांवरून केव्हाच नाहीसा झाला. आपल्याकडे दूधवाल्यांच्या आणि पाववाल्यांच्या सायकलींनी तो जिवंत ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानात तो आजही मिळतो. पुढच्या चाकाला 32 तारा, मागल्याला 40, ही जुनी इंग्रजी वाटणीही आपल्याच सायकलींनी टिकवली. साहेबाने टाकून दिलेली मापे त्याच्या माघारी आपण इमानाने सांभाळीत बसलो आहो.

आता मुख्य साक्षीदाराकडे येतो. मागल्या चाकाचा मधला गाडू, ज्याला मिस्त्रीलोक ‘हब’ म्हणतात, तो या सायकलीचा नेहमीपेक्षा जाड होता आणि त्यातून बारीकशी साखळी बाहेर लोंबत होती. हा स्टर्मी-आर्चरचा तीन वेगांचा हब. या जातीचा पहिला हब 1902 साली नॉटिंगहॅम येथे निघाला. हा उघडून पाहण्यासारखे सुख नाही. आत मधोमध 20 दातांचा स्थिर ‘सूर्य’, त्याच्याभोवती 20-20 दातांचे चार ‘ग्रह’ आणि त्या सर्वांना वेढून 60 दातांचे कडे. जोर ग्रहांच्या पिंजऱ्याला दिला की कडे त्याहून एक-तृतीयांश अधिक फिरते. जोर कड्याला दिला की पिंजरा पाऊणपटच फिरतो. आणि दोघांना सोडून सरळ जोर दिला की जसाच्या तसा. सारे गणित 20 आणि 60 या दोन आकड्यांचे. आमच्या सायकलीच्या पुढच्या चक्राला 46 दाते व मागल्याला 18. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात मधल्या वेगाला सुमारे पावणेसहा मीटर, चढाच्या वेगाला सव्वाचार आणि उताराच्या वेगाला साडेसातांहून थोडे अधिक अंतर तुटते. एवढा कारभार मुठीएवढ्या डब्यात, आणि तोही वंगणाच्या चार थेंबांवर. महापुराचे पाणी आत शिरले होते. गाळ इतका बारीक की चंदनासारखा. तो धुऊन काढल्यावर दाते मात्र शाबूत निघाले.

डब्याच्या पाठीवरचा गंज पितळी ब्रशाने काढला तेव्हा अक्षरे उमटली. आधी ‘ए. डब्ल्यू.’ आणि खाली दोन आकडे: 52, 11.

स्टर्मी-आर्चरचा ए. डब्ल्यू. नमुना 1936 साली निघाला. त्याच्या पाठीवरचा आकडा म्हणजे तयार झाल्याचे साल आणि महिना. हा डबा नोव्हेंबर 1952 चा. 1927 साली तो जन्मालाच आला नव्हता, एवढेच नव्हे तर त्याचा नमुनाही निघायला नऊ वर्षे अवकाश होता.

आम्ही लगेच हार मानली नाही. चाके बदलतात, जुन्या सांगाड्यात नवे चाक घातले असेल, असा वकिली मुद्दा आम्ही स्वतःच काढला. पण हँडलवरचा वेग बदलण्याचा खटका 1938 नंतरचा. त्याच्या आधी वरच्या नळीवर तरफ बसवीत आणि तिच्या पट्टीचा वण नळीवर उमटतो. येथे मूळच्या रंगावर असा कोणताही वण नाही. सांगाडा, चाके, खटका, सारे एकाच वयाचे आहे. साक्षीदार फुटला नाही.

मग आम्हांला आणखी एक गोष्ट आठवली आणि आपण ती आधीच कशी ऐकली नाही याची शरम वाटली. काकू पहिल्याच दिवशी बोलता बोलता म्हणाल्या होत्या, ‘‘मामंजींच्या भावाने पुण्याहून धाडली. एस.टी.च्या टपावरून आली होती म्हणे.’’ एस.टी.! मुंबई राज्याची सरकारी एस.टी. धावू लागली ती 1 जून 1948 रोजी, पुणे आणि अहमदनगर यांच्या दरम्यान. म्हणजे 1927 ची हकिकत जी सांगत होती त्याच तोंडाने 1948 नंतरची खूणही सांगितली होती. घरच्या आठवणीत सत्य होते. आम्ही कान दिला तो भपकेदार वाक्याला.

आता हे काकूंना सांगायचे कोणी? नातू म्हणाला, ‘‘राहू द्या ना. कोणाचे काय बिघडते?’’ प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. घरात एक गोष्ट चाळीस-पन्नास वर्षे अभिमानाने सांगितली गेली, ती बाहेरच्या माणसाने येऊन एका आकड्यावर पुसून टाकावी काय? पण पाटी घरात राहणार नव्हती, ती संग्रहालयात जाणार होती. आणि ज्या गावात एका सार्वजनिक तळ्याच्या पाण्याचा हक्क सिद्ध करण्यासाठी माणसांना मार खावा लागला आणि पुढे दहा वर्षे कोर्टात झगडावे लागले, त्या गावाच्या इतिहासात तरी खोट्या तारखेची भर नको, असे आमचे मत पडले. 1923 साली सी. के. बोल्यांचा, म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात झाला, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. पण कागदावर खुले झालेले तळे पावलांना खुले नव्हते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारोंच्या मिरवणुकीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. हायकोर्टाचा निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडला.

काकूंसमोर बसून आम्ही सारे सांगितले. डबा दाखवला, आकडा दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, ‘‘मग चालत गेले असतील.’’

किती सरळ उत्तर! आणि आम्ही म्हणतो, बरोबरच उत्तर. त्या वर्षी महाडला जे आले त्यांतले बहुतेक चालतच आले. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी स्वतः बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून पाचेक मैल मंडळींसह पायी महाडला आले. गावोगावच्या लोकांना निरोप पोचवायचा तर बांधावरून, ओढ्यातून, पाऊलवाटेने जावे लागे. तिथे सायकल असती तरी खांद्यावरच घ्यावी लागती. सायकलीशिवाय केलेली ती पायपीट सायकलीवरच्या फेरीपेक्षा कमी मोलाची आहे, असे आम्ही कधी धरून चाललो होतो, कोण जाणे.

काकू थोड्या वेळाने पुन्हा बोलू लागल्या. त्या लग्न होऊन घरात आल्या तेव्हा सायकल पडवीत होतीच. मामंजी शाळामास्तर, सायकल रोज पुसायचे, चाकाला हात लावू द्यायचे नाहीत. आणि मग त्यांनी जे सांगितले ते नातवानेही पूर्वी ऐकले नव्हते. बाबासाहेब गेले त्या दिवशी, म्हणजे 6 डिसेंबर 1956 रोजी, बातमी संध्याकाळी घरी कळली. मामंजी जेवले नाहीत. सायकल काढली, डायनॅमो चाकाला टेकवला आणि खेड्यांतल्या वस्त्यांवर निरोप द्यायला निघाले; ज्यांना मुंबईला अंत्ययात्रेसाठी जायचे त्यांना रातोरात निघता यावे म्हणून. परतले ते दुसऱ्या दिवशी. ‘‘डायनॅमोचा आवाज आळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता,’’ काकू म्हणाल्या.

एका माणसाने तरुणपणी चालत निरोप नेले आणि उतारवयात सायकलीवर नेले; पुढच्या पिढीने दोन्ही रात्री एकत्र शिवल्या. पाटी लिहिण्यासारखे काही आहे तर ते हे, आणि साल 1956.

रंगाचा वाद मग आपोआप मिटला. आम्ही नवा रंग दिला नाही. गंज जिथे धातू खात होता तिथे तो काढून पातळ तेल चोळले. जिथे जुना काळा रंग होता तिथे तो तसाच ठेवला. वरच्या नळीवर एका जागी रंग घासून पोलाद उघडे पडले आहे. तिथे कोणी तरी, बहुधा मास्तरांचे मूल, वर्षानुवर्षे बसले असले पाहिजे. ते झाकण्याचा अधिकार आमचा नव्हे. ही सायकल काही शर्यतीतली नव्हे, हेही सांगून टाकू. शर्यतीच्या ब्रिटिश सायकलींसाठी रेनॉल्ड्स कंपनीने 1935 साली ‘531’ नावाचे हलके पोलाद काढले आणि त्याची नळी मध्ये पातळ व टोकांना जाड असे. जाणकार त्या नळीच्या नुसत्या नावाने हळवे होतात. आमची रॅले साध्या पोलादाची, वजनाने वीसेक किलोंची, मास्तरांची गाडी आहे. तिचा गुण वेगात नाही, बेतात आहे. चिमट्याचा बाक मोठा, पाया लांब. खडी असो की खड्डा, ती वाकून नमस्कार केल्यासारखी पुढे जाते.

महाड ते पोलादपूर हे अंतर सुमारे 18 किलोमीटर. पोलादाच्या सायकलीने पोलादपूरला जावे हा केवळ शब्दयोग, पण तो आम्हांला टाळवेना. मार्चमधल्या एका पहाटे आम्ही निघालो. राजेवाडीजवळ सावित्रीवर थांबलो. येथला ब्रिटिश काळातला दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात कोसळला आणि त्याच्यासोबत एस.टी.च्या दोन गाड्या व एक मोटार माणसांसकट गेली. नवा पूल 165 दिवसांत बांधून 5 जून 2017 रोजी खुला झाला. मास्तरांची सायकल त्या जुन्या पुलावरून कितीदा गेली असेल! पुलावर उभे राहून बोलण्यासारखे फारसे काही नसते; आम्ही उतरून, सायकल हातात धरून तो ओलांडला.

पुढे रस्ता चौपदरी, मालमोटारींचा. सायकलस्वार तिथे पाहुणा आहे, आणि तोही न बोलावलेला. पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांच्या समाधीचे दर्शन घेतले, चहा घेतला. तिथे सायकलीभोवती घोळका जमला. एक गृहस्थ नुसते दुरून ऐकत होते. मागल्या हबाची टिकटिक ऐकून म्हणाले, ‘‘तीन गिअरची आहे वाटते. आमच्या डॉक्टरांकडे होती.’’

आंबेनळीचा घाट 1870 नंतरच्या दशकात गव्हर्नर फिट्झगेराल्ड यांच्या नावाने बांधला गेला. पोलादपूरहून तो महाबळेश्वरकडे, जवळजवळ चौदाशे मीटर उंचीवर चढतो. मास्तर तो सायकलीने चढले होते का, असे आम्ही काकूंना विचारले होते. त्या हसल्या होत्या. आम्ही चढाच्या वेगावर पाच-सहा वळणे निभावली, मग सव्वाचार मीटरही छातीला भारी वाटू लागले आणि खाली उतरलो. परत येताना उतारावर दांड्यांचे ब्रेक गुळगुळीत पोलादी रिमवर नुसतेच गुणगुणत होते. कोरड्या दिवशी ही गत, तर तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या या मुलखात पावसाळ्यात ब्रेक म्हणजे देवाचे नावच. म्हणूनच की काय, पावसाळ्याचे चार महिने सायकल पडवीच्या तुळईला टांगलेली असे, असे काकूंकडून कळले.

या सायकलीनंतर तिच्या जातीचे दिवस फार राहिले नाहीत. 1949 साली मद्रासेत मुरुगप्पांनी इंग्रज कंपनीच्या भागीत कारखाना काढला, आसनसोलला सेन-रॅले निघाली, 1951 साली सोनीपतला अ‍ॅटलस, 1956 साली लुधियान्यात हीरो. ‘मेड इन इंग्लंड’ची पेटी यायची हळूहळू बंद झाली. पुढे नॉटिंगहॅमच्या कारखान्यातही सांगाडे घडवणे थांबले आणि स्टर्मी-आर्चर 2000 साली तैवानच्या कंपनीकडे गेली. आपल्याकडे अ‍ॅटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याला 3 जून 2020 रोजी टाळे लागले. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता.

सायकल आम्ही काकूंच्या घरी परत नेली. संग्रहालयाचा विचार तूर्त मागे पडला आहे. नातू ती रविवारी बाजारापर्यंत नेतो. त्या संध्याकाळी तो ती पुन्हा पडवीत लावू लागला, तेव्हा काकूंनी भिंतीकडे बोट दाखवले. पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ पुसूनही गेली नव्हती. ‘‘तिथे नको. पाऊस दोन महिन्यांवर आला. माडीवर ठेवा.’’ मग आम्ही दोघांनी ती वीस किलोंची सायकल, एकाने हँडल आणि एकाने मागले चाक धरून, अरुंद जिन्यावरून वर नेली.